लेकीची बास्केटबॉल टीम हरतेच आहे. राहू द्यावं की काढावं?

आयोवाकरीण (१५ जानेवारी)

नमस्कार मंडळी,

आम्ही आयोवात, डि मॉइनच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो. लेक दहावीत, शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. गेल्या वर्षीच्या टीममधल्या सुरुवातीच्या पाचही मुली बारावी होऊन एकदम बाहेर पडल्या, पाठोपाठ जुने कोचही गेले. जेव्हीमध्ये (शाळेची दुय्यम टीम) आणखी एक वर्ष काढायला हवं होतं अशा पोरी थेट व्हार्सिटीत (मुख्य टीम) उभ्या केल्यात. आमचीही त्यातलीच.

नव्या कोच तरुण आहेत, शाळेत गणित शिकवतात. नोव्हेंबरच्या पालकसभेत त्यांनी सरळ सांगितलं की हे रिबिल्डिंगचं वर्ष आहे, स्कोअरबोर्ड बघून अंदाज बांधू नका. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. तीच मंडळी आता मॅच संपली की पार्किंगमध्ये घोळका करून उभी असतात.

खरी कुरबूर अशी आहे की बाई पूर्ण कोर्टभर मॅन-टू-मॅन (प्रत्येकीने समोरची एकेक मुलगी धरायची) खेळवतात. झोन (आपापली जागा राखायची) लावला तर पंधरा-वीसने हरू, आता चाळीसने हरतो. शुक्रवारी तर दुसऱ्या हाफमध्ये घड्याळ थांबायचंच बंद झालं (इथे ३५ गुणांचा फरक पडला की रनिंग क्लॉक). लेक घरी येते, बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहते, मग वरण-भात खाऊन केमिस्ट्री घेऊन बसते. एक शब्द बोलत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय आहेत, आत्ताच सोडू दे. मला कळत नाहीये. आणि कोचशी बोलावं का? ईमेल लिहून ठेवलाय, पाठवलेला नाही.

शेवटचा_बाक

रिबिल्डिंग म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच की. जुनी इमारत पाडून झाली, नवीन दिसत नाही, आणि मीटिंगमध्ये सगळे एकमेकांवर ओरडतायत. बिल्डर पळून गेला नाही ना? मग तुमचं बरं चाललंय.

प्लेनफिल्डकर

आधी तो ईमेल खोडा.

आमच्या दोन्ही मुली न्यू जर्सीत शाळेकडून खेळल्या. इथल्या बहुतेक शाळांत सीझनच्या आधीच सांगतात की पालकांनी कोचशी तीन गोष्टी बोलायच्या नाहीत: माझ्या मुलीला किती वेळ खेळवलं, डावपेच, आणि दुसऱ्याची मुलगी. मॅचनंतर २४ तास तर काहीच नाही. तुमचा ईमेल मी वाचलेला नाही, पण पैज लावतो की त्यात या तिन्हीपैकी निदान दोन आहेत.

मुलीने स्वतः जाऊन विचारलं तर मात्र बहुतेक कोच खूश होतात. "मी काय केलं म्हणजे तुम्हाला माझा जास्त उपयोग होईल?" एवढंच. बापाने विचारलं की ती तक्रार होते.

आयोवाकरीण

प्लेनफिल्डकर, तिन्ही आहेत. :(

सरळ_रेघ

नवरोबांशी सहमत. जरा आकडे बघा. अमेरिकेत हायस्कूलला बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी जेमतेम चार-पाचजणी कॉलेजात एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) कुठल्यातरी डिव्हिजनला खेळतात. त्यातही डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आयव्ही लीगलाही नसते. रोज दोन तास प्रॅक्टिस, मंगळवारी-शुक्रवारी मॅच, बसमधून येणं-जाणं, आणि हाती काय? चाळीसने हार. हरण्यातून माणूस शिकतो हे कायम जिंकणारे सांगतात.

नागपूरची_सेंटर

सरळ_रेघ, स्कॉलरशिप मिळणार नसेल तर खेळायचंच नाही का? मग आपण शाळेत गॅदरिंगला नाचलो ते कशासाठी?

आयोवाकरीण, आता मुद्द्याचं. मी नागपूरला शाळा-कॉलेजात सेंटर खेळले, नंतर काही वर्षं पोरींना शिकवलंही. तुमच्या बाईंची चाल मला पटली.

नवख्या टीमला झोन लावणं सोपं असतं. दोन पुढे, तीन मागे, आपापली जागा धरा, हात वर. हायस्कूल लेव्हलला समोरच्या टीमकडे लांबून शूट करणारी एखादीच असते, त्यामुळे स्कोअर आटोक्यात राहतो आणि पालक शांत बसतात. पण त्यात पोरी जागा राखायला शिकतात, माणूस राखायला नाही. आपली मुलगी सुटली तर ती कोणाची चूक हे झोनमध्ये कधीच नक्की होत नाही, सगळ्या एकमेकींकडे बघतात. मॅन-टू-मॅनमध्ये लपायला जागा नाही. पाय कसे सरकवायचे, बॉल दुसऱ्या बाजूला असताना कुठे उभं राहायचं, मदतीला कधी जायचं, शॉट उडाला की आपल्या मुलीला पाठीवर घेऊन बॉक्स-आउट कसं करायचं, हे सगळं त्यातच येतं. मॅन-टू-मॅन शिकलेली टीम नंतर आठवड्याभरात झोन उचलते. उलटं होत नाही. बाई या वर्षासाठी शिकवत नाहीयेत.

एक सांगा, चाळीसचा फरक नेमका कुठे पडतोय? समोरच्या पोरी तुमच्यावर चढून शूट करतायत की तुमच्याच हातून बॉल जातोय? मला दुसरं वाटतंय.

आयोवाकरीण

अगदी बरोबर! बॉल अर्ध्या लाइनच्या पुढे जातच नाही. बास्केट झाली की त्या दोघी-तिघी लगेच अंगावर धावून येतात. आमची पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारी) नववीतली, कोपऱ्यात अडकते. मग एक तर बॉल अर्ध्या लाइनपलीकडे न्यायचे दहा सेकंद संपतात नाहीतर ती घाबरून बॉल वर फेकते, आणि त्यांची बाई आरामात ले-अप मारून येते.

नागपूरची_सेंटर

हं, म्हणजे डिफेन्सचा प्रश्नच नाही, प्रेस (बॉल पुढे येऊ न देता असं अंगावर धावून येणं) फुटत नाहीये. दहा-पंधरा वेळा असा बॉल गेला की वीस-तीस गुण तिथेच गेले, त्यात झोन काय करणार?

प्रेस ड्रिबल करून फुटत नाही, पासने फुटते. तुमची लेक उंच आहे का? मग तिला मधोमध उभं राहायचं काम द्यायला हवं, फ्री थ्रो लाइन आणि सेंटर सर्कलच्या मध्ये. गार्डवर दोघी धावून आल्या की मधे कुणीतरी मोकळी असतेच. बॉल तिच्याकडे आला की तिने वळायचं, बघायचं आणि पुढे द्यायचा. ड्रिबल नाही. आणि बॉल आत देणाऱ्या मुलीने तो दिल्यावर बाहेर थिजून उभं राहू नये, लगेच आत यावं. निम्म्या टीम इथेच फसतात. प्रॅक्टिसमध्ये सातजणींविरुद्ध पाचजणी खेळवा, मॅचमध्ये पाचजणी म्हणजे रिकामं मैदान वाटेल.

हे तुम्ही जाऊन कोचना सांगू नका. त्यांना माहीत असेलच.

शेवटचा_बाक

"आरामात ले-अप मारून येते" वाचून आमची शाळा आठवली. आमच्याकडे रिंगला जाळीच नव्हती, त्यामुळे बास्केट झाली की नाही यावर दोन तास भांडण आणि तोवर अंधार. स्कोअर नेहमी बरोबरीत.

जुना_स्थायिक

मी आयोवात १९८१पासून आहे, आधी एम्सला विद्यापीठात आणि मग इथेच राहिलो. आयोवा आणि मुलींचं बास्केटबॉल यावर थोडं अवांतर करतो, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही आलो तेव्हा इथे मुली पाच नव्हे, सहा-सहाच्या टीम करून खेळत. कोर्टाचे दोन भाग. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. ड्रिबल फक्त दोन. बास्केट झाली की बॉल मधल्या सर्कलमध्ये समोरच्या टीमच्या फॉरवर्डकडे. म्हणजे गार्ड असलेली मुलगी अख्ख्या शाळाकाळात एकदाही रिंगकडे शूट करत नसे. आमच्या शेजारच्या बाई गार्ड होत्या. चार वर्षं खेळल्या, नावावर शून्य गुण, आणि आजही कोणी विचारलं तर मान ताठ करून सांगतात.

हे सगळं फार मागास वाटेल, पण दुसरी बाजूही आहे. १९२५ साली शाळांच्या राज्य संघटनेने मुलींच्या स्पर्धा नकोत असा सूर लावला तेव्हा लहान गावांतल्या पंचवीसेक शाळाप्रमुखांनी उठून मुलींसाठी वेगळी संघटना काढली. ती आजही आहे. शाळा-कॉलेजात मुलींना समान संधी देणारा टायटल नाईन हा कायदा १९७२चा. बाकीच्या देशात बहुतेक मुलींना शाळेत खेळायला टीमच नव्हती तेव्हा इथे त्यांच्या राज्य स्पर्धेला स्टेडियम भरत होतं. १९६८ची फायनल ज्यादा वेळेत ११३-१०७ अशी सुटली. त्यातल्या एका मुलीने ७६ केले आणि ती हरली! जिंकणाऱ्या टीमच्या डेनिस लाँगने ६४ केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनिसला एनबीएच्या (पुरुषांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, घेतलं होतं, कमिशनरने ते रद्द केलं.

१९९३मध्ये सहाजणींचा खेळ इथे बंद झाला. त्या सुमारास ज्या मुली वर्षानुवर्षं फक्त गार्ड खेळल्या होत्या त्यांना अचानक शूट करायला शिकायचं होतं आणि फॉरवर्डना डिफेन्स. एका राज्यातल्या सगळ्या टीमचं एकदम रिबिल्डिंग झालं म्हणा.

मिथिला_के

काका, दंडवत. यावर वेगळा धागा काढाच.

शेवटचा_बाक

रेघ ओलांडायची नाही आणि दोनच ड्रिबल... याला आमच्याकडे होस्टेल म्हणायचे.

निनाद_बे_एरिया

स्कोअरवरून आठवलं. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला २०१५ साली मुलींच्या एका हायस्कूल मॅचचा स्कोअर १६१-२ होता. जिंकणाऱ्या कोचला त्यांच्याच शाळेने दोन मॅचसाठी बसवलं. त्याआधी २००९मध्ये डॅलसला १००-० झालं होतं. हरलेली शाळा लर्निंग डिफरन्स (शिकण्यात अडचणी) असलेल्या मुलांची, टीममध्ये आठच मुली. जिंकलेल्या शाळेने जाहीर माफी मागितली, त्यांच्या कोचला ती माफी पटली नाही, नोकरी गेली.

रनिंग क्लॉकचा राग येतो हे समजतं, पण तो नियम अशा सगळ्या मॅचमुळेच जागोजागी आला. घड्याळ पळतंय म्हणजे तुमच्या मुलींचं बरं चाललंय, अपमान नाही.

सरळ_रेघ

म्हणजे चाळीसने हरतोय याचं समाधान की १५९ने हरत नाही. छान.

मिथिला_के

सरळ_रेघ, तुमची कॉमेंट वाचून मुद्दाम शोधत नाहीये, हे पाठच आहे: जिनो ऑरिएमा कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या टीमचे कोच म्हणून १९८५मध्ये आले, पहिला सीझन १२ जिंकल्या, १५ हरल्या. त्यानंतर त्या टीमने हरल्या त्यापेक्षा कमी जिंकल्या असं वर्ष परत आलेलं नाही. डॉन स्टेली साउथ कॅरोलायनात पहिल्या वर्षी १०-१८, आणि २०१७ला राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हा पहिलं वर्ष बघून...

प्लेनफिल्डकर

मिथिला, उदाहरण चुकलं. कॉलेजचा कोच देशभर हिंडून खेळाडू आणतो. पब्लिक स्कूलच्या कोचला आजूबाजूच्या घरांत जी मुलं जन्माला आली तीच मिळतात. गावात पाच उंच मुली एकाच वर्षी दहावीला असल्या की टीम चालते, त्या गेल्या की बसते.

निनाद_बे_एरिया

मग चांगल्या टीमच्या शाळेत बदली? इथे लोक सर्रास करतात.

जुना_स्थायिक

आयोवात तसं सोपं नाही. ओपन एनरोलमेंटने (आपल्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेत प्रवेश) शाळा बदलली तर काही अपवाद सोडून पहिले ९० शालेय दिवस व्हार्सिटीत खेळता येत नाही. म्हणजे एक सीझन गेलाच. शिवाय प्रसिद्ध खेळाडू केटलिन क्लार्क डि मॉइनच्याच पश्चिमेला शाळेत खेळली, कॉलेजात तिने ३,९५१ गुणांचा विक्रम केला, पण शाळेकडून राज्य विजेतेपद तिलाही मिळालं नाही.

टेपवाली

मी फिजिओ आहे, पुण्यात. इकडे सगळे स्कोअर मोजतायत, मी मिनिटं विचारते. लेक किती मिनिटं कोर्टवर असते? अशा सीझनमध्ये बेंच छोटा असतो आणि चांगल्या चार मुलींना बत्तीसच्या बत्तीस मिनिटं पळवलं जातं. किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्याचं एसीएल (सांधा धरून ठेवणारा एक बंध) फाटण्याचं प्रमाण मुलांच्या निदान दुप्पट असतं, आणि बरेचदा कोणी धक्का न देताच फाटतं: थकलेल्या पायांवर उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना.

मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला तिचे गुडघे बघा. रीबाउंड घेऊन उतरताना दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे वळतात का? तसं होत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटांचा उतरण्याचा, एका पायावरच्या तोलाचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा वॉर्म-अप हवा. याने दुखापती खरंच कमी होतात. हरण्याने मुलगी मोडत नाही हो, पण एसीएल गेलं तर आठ-नऊ महिने घरी बसेल.

आयोवाकरीण

टेपवाली ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. बघते. जवळजवळ पूर्ण मॅच खेळते ती.

डेक्कनची_दुपार

एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही म्हणून लिहिते. मी पुण्यात शाळेकडून खेळले. आपल्याकडे जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा नॉकआउट असतात. पाऊस संपत आला की पीटीच्या सरांना जाग यायची, दहा-बारा दिवस प्रॅक्टिस, टी-शर्टवर खडूने नंबर, मग रिक्षात कोंबून मैदानावर. पहिल्याच मॅचला डेक्कनच्या कोर्टवर रोज खेळणाऱ्या मुलींची टीम समोर आली की चाळीस मिनिटांत आमचं वर्ष संपलं. भेटू पुढच्या वर्षी.

तुमच्या लेकीची टीम हरली तरी मंगळवारी पुन्हा मॅच आहे. शुक्रवारी पुन्हा. सीझनला वीस-एकवीस मॅच ठरलेल्या. आम्हाला हरायलासुद्धा एवढ्या मॅच मिळाल्या नाहीत. शिरीन लिमये पुण्याची, भारताची कर्णधार झाली, पण तिच्या घरातच बास्केटबॉल होतं आणि बारा महिने कोर्ट होतं. आमच्यासारख्यांना चौथ्या-पाचव्या मॅचला प्रेस फुटली असती की नाही हे कधी कळलंच नाही, कारण चौथी मॅच नव्हतीच.

म्हणून माझं मत, राहू द्या. निदान मॅच आहेत तोवर.

नागपूरची_सेंटर

+१. डेक्कन, खडूचा नंबर! घामाने सेकंड हाफपर्यंत पुसला जायचा आणि टेबलवरचे काका फाउल कोणाच्या नावावर लिहायचा ते विचारायचे.

सरळ_रेघ

डेक्कनची_दुपार यांचा मुद्दा ग्राह्य. बाकी मत तेच. मूल जिन्यावर बूट घालून बसतं हे मला साधं वाटत नाही. तिला कोणी विचारलंय का, की आपण पंधराजण मिळून ठरवतोय?

प्लेनफिल्डकर

हे मात्र बरोबर बोललात.

आयोवाकरीण (१८ जानेवारी)

विचारलं. रागावली. "मी सोडणार असं कोण म्हणालं?" जिन्यावर बसते कारण पाय दुखतात आणि वर चढवत नाही म्हणे. आणि मला एक ताकीद मिळाली: गाडीत बसल्या बसल्या मॅचबद्दल बोलायचं नाही, घरी जेवण होईपर्यंत नाही.

ईमेल खोडला.

शेवटचा_बाक

धागा सफळ संपूर्ण? एवढ्यात? मी आत्ताच चहा टाकला होता.

आयोवाकरीण (२७ फेब्रुवारी)

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

सीझन संपला. इथे सगळ्याच टीमना रीजनलला (राज्य स्पर्धेच्या आधीची फेरी) प्रवेश असतो, त्यामुळे आमच्याही मुली गेल्या आणि पहिल्याच मॅचला हरल्या. वर्षभरात जिंकलेल्या मॅच एका हाताच्या बोटांवर मोजून दोन बोटं उरतात.

लेक स्वतःच कोचकडे गेली होती. बाईंनी तिला वही दाखवली. त्यात गुण नव्हतेच. प्रत्येक मॅचला अर्ध्या रेघेच्या अलीकडेच बॉल हातातून किती वेळा गेला, किती शॉटवर पाचहीजणींनी बॉक्स-आउट केलं, असले रकाने. नागपूरची_सेंटर, तुम्ही म्हणालात तसंच होतं, त्या जानेवारीपासून सातविरुद्ध पाच खेळवतच होत्या! लेकीला मधल्या जागेवर टाकलं. शेवटच्या दोन आठवड्यांत रनिंग क्लॉक एकदाही लागलं नाही. पार्किंगमधले घोळके आहेतच, आता विषय मैदानाचा नाही, पुढच्या वर्षी कोणाच्या मुलीला बसवणार हा आहे.

टेपवाली ताई, गुडघे आत वळत होते. वॉर्म-अप सुरू केलाय, तिच्याबरोबर आणखी तिघी करतात.

आणि मला कामाला लावलं. होम मॅचला स्कोअरबुक लिहिणाऱ्या बाई आजारी पडल्या, कोचनी मला टेबलावर बसवलं. घरच्या टीमचं बुक अधिकृत धरतात, म्हणजे बोर्ड आणि वही यांत फरक पडला तर रेफरी माझ्याकडे येणार! खेळाडूच्या नावापुढे फाउलचे पाच खाने, पोझेशनचा बाण (पुढच्या वेळी बॉल कोणाचा ते दाखवणारा) फिरवायचा लक्षात ठेवायचं, टीमचे फाउल क्वार्टर संपला की पुन्हा शून्यापासून (२०२३-२४पासूनचा नियम, पाचव्या फाउलला दोन फ्री थ्रो). शिवाय टेबलावर बसणाऱ्याने ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. लेक म्हणाली, तुझी सगळ्यात चांगली मॅच हीच होती.

आता नवीन प्रश्न. बाईंना जूनमध्ये सगळ्यांना जिममध्ये हवंय. पण आयोवात शाळेचं सॉफ्टबॉल उन्हाळ्यात असतं, निम्म्या टीमला तिकडे जायचंय, आणि आमच्याकडे जूनमध्ये नागपूरला पुतणीचं लग्न. तिकिटं काढलेली आहेत, तीन आठवड्यांची. लेक म्हणते मी येत नाही.

सरळ_रेघ

लग्नाला न्या. यावर मी कोणाचं ऐकणार नाही.

जुना_स्थायिक

सॉफ्टबॉलवाल्या मुली जुलैच्या शेवटी मोकळ्या होतात. जूनमध्ये निम्मी टीम नसणार हे कोचना दरवर्षीच धरून चालावं लागतं. तुम्ही निर्धास्त जा, ऑगस्टमध्ये भेटतील सगळ्या.

नागपूरची_सेंटर

नागपूरला कुठे? व्यनि करा. जूनमध्ये पहाटे साडेपाचला कोर्टवर पोरी असतात, आठनंतर सिमेंट इतकं तापतं की उभं राहवत नाही. बूट घेऊन या म्हणावं, बॉल आमच्याकडे आहे, पण सिमेंटवर नवे बूट घालू नका, महिन्यात तळ झिजतात. मुलींचा बॉल सहा नंबरचाच आहे, इथेही तोच. लग्न कोणत्या तारखेला?

आयोवाकरीण

लग्न २१ला, हॉल धरमपेठेत. तिला विचारून सांगते.

आयोवाकरीण

विचारलं. "तिथे प्रेस लावतात का?" असा प्रश्न आलाय.

नागपूरची_सेंटर

पहिल्या मिनिटापासून.